संगणक कुणाच्या मालकीचा? मुक्त सॉफ्टवेअर आणि घरी जोडलेला पीसी



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक संगणकावर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय मला. प्रश्न रास्त आहे. पण मालकी म्हणजे काय, ज्ञान कुणाचं असतं, एखादी गोष्ट 'माझी' आहे असं मी म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हे आमच्या विषयातले जुने प्रश्न आहेत. ते आज तुमच्या टेबलावरच्या खोक्यात येऊन बसलेत. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे काय, आणि सुटे भाग आणून आपला संगणक आपण जोडणं का शक्य आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे.

जकार्डचा माग

ओपन सोर्स समजावताना पुस्तकात पाककृतीचं उदाहरण देतात. सोलापुरात त्याची गरज नाही. आपल्याकडे यंत्रमाग आहेत.

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. ती जकार्डवर विणतात. आधी डिझायनर आलेख कागदावर, म्हणजे चौकटीच्या कागदावर नक्षी काढतो. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. जिथं भोक आहे तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथला खालीच राहतो. पत्त्यांची माळ मागावर फिरत राहते आणि चादरीवर मोर उमटतो. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, पण तत्त्व तेच.

आता नीट बघा. इथं तीन गोष्टी आहेत. आलेख कागद माणसाला वाचता येतो. पत्त्यांची माळ यंत्राला वाचता येते. आणि चादर आपण पांघरतो. संगणकातही तंतोतंत हेच आहे. प्रोग्रॅमर माणसाला कळेल अशा भाषेत लिहितो, तो सोर्स कोड, म्हणजे आलेख कागद. त्याचं भाषांतर होऊन शून्य आणि एकची लांबलचक माळ तयार होते, ते झाले पत्ते. आणि पडद्यावर दिसतं ते पत्र, चित्र, हिशेब, ती चादर.

तुम्ही दुकानातून सॉफ्टवेअर विकत घेता तेव्हा तुम्हाला फक्त पत्त्यांची माळ मिळते. चादर विणता येते. पण मोराची मान थोडी लांब करायची म्हटली तर? हजारो भोकं बघून कुठलं भोक मानेचं आणि कुठलं पिसाचं हे ओळखणं जवळजवळ अशक्य. आलेख कागद हातात असेल तर ते काम एका दुपारचं. ज्या सॉफ्टवेअरबरोबर आलेख कागदही मिळतो, तो वाचायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची परवानगी मिळते, ते ओपन सोर्स.

हा माग आणि संगणक यांचं नातं नुसतं उपमेचं नाही हं. जोसेफ मारी जकार्डने फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच भोकांचे पत्ते घेतले, आणि एडा लव्हलेसने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणं लिहिताना जकार्डच्या मागाशीच तुलना केली. आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. १८०६ मध्ये फ्रेंच सरकारने जकार्डचा माग सार्वजनिक मालमत्ता जाहीर केला. शोध खुला झाला, आणि जकार्डला निवृत्तिवेतन आणि प्रत्येक मागामागे ठरावीक रक्कम देण्यात आली. 'खुलं केलं तर शोधणाऱ्याने खायचं काय?' या प्रश्नाचं एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वी देऊन झालंय.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

१९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम तिथल्या लोकांनी स्वतः सुधारला होता, कागद अडकला की वापरणाऱ्याला संदेश जायचा. नव्याचा सोर्स कोड मात्र कुणी देईना. तिथं काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना प्रश्न पडला, दुरुस्त करता येण्यासारखी गोष्ट दुरुस्त करायला मला बंदी का? सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं मांडली. हवं त्या कामासाठी वापरण्याचं. कसं चालतं ते अभ्यासून बदलण्याचं. दुसऱ्याला प्रत देण्याचं. आणि आपण बदललेली प्रत वाटण्याचं. प्रोग्रॅमरच्या सवयीप्रमाणे त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते.

यात 'फुकट' हा शब्द कुठंही नाही. इंग्रजीत 'फ्री' या शब्दाने घोळ होतो. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीची ही चांगली सोय आहे, ती वापरावी.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल या परवान्याखाली आणला. जीपीएलची युक्ती गमतीची आहे. ती कॉपीराइट नाकारत नाही, कॉपीराइटच वापरते. लेखक म्हणतो, 'ही माझी कृती आहे, म्हणून अट माझी. तुम्ही बदला, विका, पण पुढच्याला हीच स्वातंत्र्यं द्या.' आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे.

'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ साली आला. तेव्हापासून दोन गट पडले. एक म्हणतो, सोर्स कोड दडवणं नैतिकदृष्ट्याच चूक. दुसरा म्हणतो, नीतीचं सोडा, खुलेपणाने सॉफ्टवेअर चांगलं होतं म्हणून खुलं करा. माझ्या विद्यार्थ्यांनी लगेच ओळखलं असतं, पहिला कर्तव्यवादी, दुसरा परिणामवादी. दोघांचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एकच असतं, युक्तिवाद मात्र निराळे.

आता आपल्या कायद्याकडे बघा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमला 'साहित्यकृती' मानलंय. म्हणजे कादंबरीच्या पंगतीत बसवलंय. पण ही कशी साहित्यकृती? विकत घेऊनही वाचायला मिळत नाही! जॉन लॉकने १६८९ मध्ये मालकीचं समर्थन केलं ते श्रमाच्या आधारावर. ज्याने श्रम केले त्याची वस्तू. पण त्याने एक अट घातली होती, इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. जमिनीच्या बाबतीत ही अट पाळणं अवघड. विद्येच्या बाबतीत ती आपोआप पाळली जाते. मी प्रत दिली तरी माझी माझ्याकडे राहतेच. टंचाई नसलेल्या जागी टंचाई निर्माण करायची असेल, तर त्याचं कारण द्यायची जबाबदारी निर्माण करणाऱ्यावर आहे, असं मला वाटतं.

संगणक जोडता येतो, तो का?

आता दुसरा भाग. फ्रिज कुणी घरी जोडत नाही. मोबाइल जोडत नाही. मग संगणकच का जोडता येतो?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती, म्हणून बाहेरचे तयार भाग वापरले आणि त्याची तांत्रिक पुस्तिका छापून विकली. कुठल्या पिनला कुठला विद्युत संकेत, सगळं तिच्यात. त्यामुळे कुणीही त्यात बसणारी कार्डं बनवू लागला. एकच गोष्ट अडत होती, बायोस, म्हणजे यंत्र जागं होताना चालणारा छोटा प्रोग्रॅम. पुस्तिकेत तोही छापला होता, पण कॉपीराइटसह. कॉम्पॅक कंपनीने दोन गट केले. एका गटाने बायोस काय करतो त्याचं फक्त वर्णन लिहिलं. ज्यांनी मूळ कोड कधी पाहिला नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा लिहिला. नक्कल न करता जुळणारं यंत्र तयार झालं. तिथून पुढं 'असेंबल्ड' संगणकाचं युग आलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून संगणक जोडणाऱ्या पोरांचा अख्खा धंदा त्या पुस्तिकेवर उभा राहिला असं म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्ष जोडायला सहा-सात वस्तू लागतात. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट. पहिलं काम जुळवाजुळवीचं. प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच हवं. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या खाचेत बसत नाही, मधली खाचच वेगळ्या जागी केलेली असते. ही यादी कागदावर केल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

मग क्रम असा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे विसरून चालत नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता ठेवा. जोर लावावा लागत असेल तर तो वाकडा बसतोय. रॅमला मात्र जोर लागतो, 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबायची. एसएसडी तिरपी घालून आडवी करायची आणि छोटा स्क्रू लावायचा. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर पंखा. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, मग वायरी. चोवीस पिनांची मोठी बोर्डाला, आठ पिनांची प्रोसेसरजवळ. ती दुसरी राहून गेली की पंखे फिरतात, पण पडद्यावर काही येत नाही.

सोलापूरकरांसाठी दोन जादा सूचना. घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि धुळीसाठी पंख्यावर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, ती जाळी महिन्याला झाडा.

पैसे वाचतात का? कधी वाचतात, कधी नाही. खरा फायदा पुढे कळतो. पाच वर्षांनी रॅम कमी पडली तर फक्त रॅम बदलता. काय बिघडलंय हे तुम्हाला कळतं. यंत्र तुमच्यासाठी बंद खोकं राहत नाही. अर्थात प्रोसेसरच्या पोटात काय आहे ते अजून बंदच आहे. तिथंही आता रिस्क-फाइव्ह नावाचा खुला आराखडा आलाय, आणि आयआयटी मद्रासने त्यावर 'शक्ती' हे प्रोसेसर बनवलेत.

जुनं यंत्र भंगारात का जातं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं एका तारखेला 'जुनी' ठरली. यंत्र झिजलं नव्हतं. परवानगी संपली होती.

अशा यंत्रावर लिनक्स घालता येतं. मिंट, उबुंटू, डेबियन अशी त्याची वितरणं आहेत, आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं केलंय. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवायचं, संगणक चालू होताना पेनड्राइव्ह निवडायचा, आणि 'लाइव्ह' पद्धतीने आधी नुसतं वापरून बघायचं. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का. हार्डडिस्कला तोवर हात लागत नाही. समाधान झालं, आपल्या सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवली, की मगच बसवायचं. चार जीबी रॅमचं यंत्र, त्यात एक एसएसडी, एवढ्यावर लिहिणं, वाचणं, मेल, व्हिडिओ आरामात होतं. काही हिशेबाची सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर चालतात, त्यांच्यावर ज्यांचा धंदा आहे त्यांनी घाई करू नये.

मराठी कुलपात

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो. १९९० च्या दशकात माझी व्याख्यानांची टिपणं एका मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली होती. कंपनीचं नाव सोडून देऊ. त्या सॉफ्टवेअरला डोंगल लागायचा, प्रिंटरच्या पोर्टात खोचायची एक किल्ली. पुढं नव्या संगणकांतून ते पोर्टच गेलं. फायली माझ्याकडे, शब्द माझे, पण उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. कारण त्या फॉन्टमध्ये 'क' असा नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं होतं, आणि प्रत्येक कंपनीची जागा वेगळी.

ही गोष्ट एकट्या माझी नाही. त्या पंधरा-वीस वर्षांतली मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, प्रबंध, ग्रामपंचायतीची कागदपत्रं अशाच कुलपांत अडकली. छापील प्रत आहे तोवर ठीक. ती गेली की फाइल असून नसल्यासारखी. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून आपण हळहळतो, पण मोडी निदान डोळ्यांना दिसते तरी.

युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. पण नुसता क्रमांक पुरत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर एकाला व्यासपीठावर बसवायचं आणि दुसऱ्याला स्वयंपाकाचं सांगायचं! हा आडवा र हिंदीला लागत नाही. तो फॉन्टमध्ये राहून गेला तर परदेशातल्या किंवा दिल्लीतल्या इंजिनियरला कळणारही नाही. मराठी माणसालाच खटकणार. बंद सॉफ्टवेअरमध्ये तो तक्रार करू शकतो. खुल्यामध्ये स्वतः दुरुस्त करून पाठवू शकतो. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले, मुंबईच्या एक टाइप या गटाने 'मुक्ता' आणि 'बलू' खुले दिले. आज ते कुणीही वापरावेत, सुधारावेत. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा नांदतात. बाजाराला ज्या भाषेत नफा दिसत नाही, तिच्या माणसांना आलेख कागद हातात असण्याची गरज जास्त.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण देतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने बनवला. पेटंट तिच्याकडे होतं, पण प्रमाणानुसार वापरणाऱ्यांवर ते बजावणार नाही असं तिने जाहीर केलं. म्हणून परितेवाडीच्या मास्तरांना कुणाची परवानगी काढावी लागली नाही. पुढे पाठ्यपुस्तकांतले कोड ज्या 'दीक्षा' मंचावर जातात, तोही 'सनबर्ड' या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभा आहे.

प्रश्नोत्तरं

*एक विद्यार्थिनी: सर, सगळ्यांना कोड दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो. मग ते सुरक्षित कसं?*

चांगला प्रश्न. खुलं म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सर्वत्र लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाने चोरदरवाजा बसवला. त्याआधी दोनेक वर्षं त्याने प्रामाणिकपणे काम करून विश्वास मिळवला होता. मूळ सांभाळणारा माणूस एकटा, विनामोबदला, थकलेला. मार्च अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने माग काढला आणि प्रकार उघडकीला आला. यातून दोन निष्कर्ष निघतात. कोड खुला होता म्हणून त्या अभियंत्याला स्वतःच माग काढत मुळापर्यंत जाता आलं. आणि सगळे वापरतात पण सांभाळत कुणी नाही, असं असेल तर खुलेपणा पुरत नाही. गावच्या विहिरीचा गाळ कुणीतरी काढावाच लागतो.

*एक श्रोते: पण प्रोग्रॅमरने पोट कसं भरायचं?*

सेवा विकून. रेड हॅटने तेच केलं, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. पण त्या मोठ्या आकड्याने भुलू नका, आत्ता सांगितलेला एक्सझेडचा माणूसही याच जगातला. म्हणून माझं म्हणणं असं की जनतेच्या पैशाने लिहिलेलं सॉफ्टवेअर जनतेला खुलं असावं, आणि त्याच पैशातला वाटा ते सांभाळणाऱ्यांना मिळावा. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, शिक्षकांना ते शिकवलं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले जी. नागार्जुन यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचं काम वर्षानुवर्षं पाहिलं. त्यांची पीएचडीही तत्त्वज्ञानातलीच, म्हणजे या वाटेवर मी एकटा नाही. महाराष्ट्राने ही चर्चा अजून पुरेशी गांभीर्याने केलेली नाही, एवढं नोंदवतो.

*एक ज्येष्ठ श्रोत्या: सर, मला काही संगणक जोडायचा नाही. मी काय करू?*

ताई, जोडू नका. घरी गेल्यावर तुमची सर्वांत जुनी मराठी फाइल उघडा. कविता असेल, हिशेब असेल, यजमानांचं पत्र असेल. उघडली आणि वाचता आली, तर लिब्रे ऑफिसमध्ये युनिकोडमधून ओडीएफ या खुल्या प्रकारात जपून ठेवा. नुसती चिन्हं दिसली, तर पुसू नका. कोणत्या फॉन्टमध्ये लिहिली होती ते चिठ्ठीवर लिहा आणि नातवाला बोलवा. फॉन्ट कळला तर बहुतेक वेळा रूपांतर करता येतं. माझी टिपणं अशीच मिळाली, सगळी नाही, पण बरीचशी. हे काम या वर्षी करा. तो फॉन्ट ओळखणारी माणसं आज आहेत.